नेल आर्टची रेघ फाटते? हाताला दोष देऊ नका, आधी ब्रशची मान पुसा

ऐरोलीला माझ्या घरी नेल आर्ट शिकायला ज्या मुली येतात त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, माझा हात फार थरथरतो, मला नाही जमणार." मग मी विचारते रांगोळी काढता का, मेंदी काढता का, तर म्हणतात हो काढतो की, आणि मेंदीचा कोन हातात दिला तर वेल अशी सरसर काढतात की बघत बसावं. मग तोच हात नखावर आला की अचानक कसा काय थरथरायला लागतो? हात तोच असतो हो, बदललेलं असतं ते पाणी. रांगोळी कोरडी, मेंदी घट्ट भिजवलेली, आणि ॲक्रिलिक रंग पाण्यावर चालणारा, आणि तो काढायचाय काचेसारख्या गुळगुळीत नेलपेंटवर जिथे पाणी थांबायलाच तयार नसतं. अळवावरचं पाणी म्हणतात ना, अगदी तसंच. रेघ मध्येच फाटली, रंगाचे थेंब गोळा झाले, पांढऱ्यात पट्टे दिसले, शेवटी टपोरा डाग पडला, या बहुतेक तक्रारी पाण्याच्या असतात. हे मला कळायला दोन वर्षं गेली आणि ढिगाने टिश्यू पेपर गेला, म्हणून तुम्हाला पहिल्यांदाच सांगून टाकते.

त्याआधी एक गोंधळ मिटवू. क्लायंट येतात आणि म्हणतात ॲक्रिलिक करायचंय, म्हणजे त्यांना नखं वाढवायची असतात, ते लिक्विड आणि पावडर मिसळून करतात ते, ज्याचा उग्र वास अख्ख्या मजल्यावर जातो. ते वेगळं. मी बोलतेय ते साध्या चित्रकलेच्या ॲक्रिलिक रंगाबद्दल, ट्यूबमधल्या किंवा छोट्या बाटलीतल्या, जो नेलपेंटवर किंवा जेलवर, म्हणजे लॅम्पखाली वाळवतात त्या नेलपेंटवर, ब्रशने हाताने काढायचा आणि वरून टॉप कोट, म्हणजे नक्षी जपणारा शेवटचा थर, लावायचा.

हा रंग वाळतो कसा ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचं निम्मं आपोआप सुटतं. यात रंगाची पूड आणि प्लास्टिकचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि पातळ पापुद्रा तयार होतो, आणि एकदा तो झाला की परत पाणी लावून विरघळत नाही. म्हणजे ओला आहे तोपर्यंत पाण्याच्या ब्रशने सहज पुसता येतो आणि खालचं नेलपेंट हलत पण नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा, पण वाळला की विषय संपला. पाणी खूप घातलं तर कण लांब लांब पडतात, पापुद्रा धड धरत नाही, नखावर डबकी डबकी दिसतात. आणि ते चिकटवणारं प्लास्टिक ओलं असताना दुधासारखं पांढरट दिसतं, वाळल्यावर पारदर्शक होतं, म्हणून ओला रंग जरा फिका आणि वाळल्यावर एक छटा गडद. मरून मिसळलात आणि वाळल्यावर चॉकलेटी झाला तर ते यामुळे. कुठल्याही मिश्रणाचा एक ठिपका आधी प्लास्टिकच्या टिपवर, म्हणजे सरावाच्या खोट्या नखावर, वाळवून बघायचा, मग क्लायंटच्या नखावर जायचं.

सामान फार लागत नाही. ठाणे स्टेशनजवळ चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात कॅमलच्या किंवा फेविक्रिलच्या ट्यूबा सहज मिळतात, आणि कॅमल म्हणजे तेच आपलं कॅमलिन, १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईच्या पावडरीपासून सुरू केलेलं, ज्याची कंपासपेटी आपण सगळ्यांनी शाळेत वापरली. सुरुवातीला पांढरा, काळा, लाल, पिवळा, निळा आणि एक सोनेरी एवढे पुरे, पांढरा मोठा घ्या कारण तोच सारखा संपतो. पांढऱ्यात टायटॅनियम व्हाइट लिहिलेला बघून घ्या, तो झाकतो, झिंक व्हाइट अर्धवट आरपार दिसतो आणि मग तुम्ही थरावर थर देत बसता. पोस्टर कलर चुकूनसुद्धा घेऊ नका, तो वाळल्यावरही पाण्याने सुटतो, टॉप कोटला कुठे जरा चीर गेली की भांडी घासताना फूल वाहून जाईल. कापडावरचे रंग चालतात पण ते जरा रबरी असतात, नखावर जाड बसतात, मला नाही आवडत. आणि हे रंग चित्रासाठी बनवलेत, कातडीसाठी नाहीत हे लक्षात ठेवा, त्यामुळे उघड्या नखावर कधी लावायचे नाहीत, खाली बेस कोट आणि नेलपेंट पाहिजेच, ब्रशचं टोक ओठात धरून टोकदार करायची सवय असेल तर आजच सोडा, आणि ट्यूबवर कॅडमियम असं नाव असून पुढे ह्यू, म्हणजे कॅडमियम न घालता केलेली नुसती तशी छटा, असं लिहिलेलं नसेल तर ती ट्यूब कॅनव्हासवाल्यांसाठी राहू दे.

ब्रशमध्ये मात्र सगळे उलटं करतात. बारीक काम आहे म्हणून सगळ्यात आखूड केसांचा ब्रश आणतात, किंवा चांगल्या ब्रशचे केस कात्रीने कापून आखूड करतात, हे बघितलं की माझा जीव तुटतो. आखूड ब्रशमध्ये रंग मावत नाही, अर्ध्या रेघेत संपतो, मग परत बुडवा, परत जोडा, आणि जोड दिसतोच. शिवाय बोटाची थरथर थेट टोकाला पोचते. लांब केसांच्या लायनरमध्ये, म्हणजे रेघा काढायच्या बारीक ब्रशमध्ये, रंग साठतो आणि केस वाकतात, थरथर त्या वाकण्यातच जिरून जाते. ९ ते ११ मिलिमीटर केसांचा सिंथेटिक लायनर घ्या, पहिले दोन दिवस तो झाडूसारखा वाटेल, तिसऱ्या दिवशी सोडवणार नाही. दुसरा एक चपटा ब्रश, नखाच्या निम्म्या रुंदीचा. ठिपक्यांसाठी डॉटिंग टूल नसेल तर टाचणीचं डोकं, खोडरबरात खुपसून, मस्त चालतं.

आता नख. नेलपेंटचे दोन पातळ कोट आणि मग थांबायचं. इथे कोणी थांबत नाही. वरून हाताला कोरडं लागतं पण आतून मऊ असतं, त्यावर ब्रश टेकला की बारीक खड्डा पडतो आणि रंग त्या खड्ड्यात जाऊन बसतो. माझा नियम असा की बेस आदल्या रात्री, नक्षी दुसऱ्या दिवशी, आणि तेवढा वेळ नसेल तर निदान तासभर, तोवर क्लायंटला चहा द्या, गप्पा मारा, पण नखाला बोट लावू देऊ नका. बोटाचं तेल लागलं की रंग तिथे धरणार नाही, एकदा एक बाई मध्येच वडापाव खाऊन आल्या आणि नेमक्या अंगठ्यावर वेलीचं एकही पान बसेना. बेस चमकदार असेल आणि रंग थेंब थेंब गोळा होत असेल तर त्यावर मॅट टॉप कोटचा एक पातळ हात मारा, पूर्ण वाळू द्या, मग काढा, नक्षी झाली की शेवटी चमकदार टॉप कोट लावला की मॅट जातंच. ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे, नवशिक्या मुलींचं अर्धं रडगाणं इथेच थांबतं. जेल असेल तर लॅम्पमधून काढल्यावर वर राहतो तो चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचा, मग मॅट जेल टॉप किंवा बफरने, म्हणजे नखं घासायच्या मऊ ठोकळ्याने, अगदी हलका हात, नुसती चमक उतरेपर्यंत. साध्या नेलपेंटवर मात्र अल्कोहोल नको आणि रिमूव्हर तर अजिबातच नको, सगळं लिबलिबीत होऊन बसेल.

रंग काढून ठेवायला मिठाईचा चपटा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला टिश्यूच्या तीनचार घड्या, त्या ओल्या करून जास्तीचं पाणी ओतून टाका, वर बटर पेपर पसरा. रंग त्या कागदावर काढा. खालून ओलावा मिळत राहतो, रंग तासन्‌तास ओला राहतो, झाकण लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी पण वापरता येतो. हे एवढ्यासाठी सांगतेय की मे महिन्यात ऐरोलीत पंखा बंद करून कोणी बसू शकत नाही, आणि पंख्याखाली साध्या प्लेटवरचा रंग दहा मिनिटांत वर साय धरतो, त्या सायीचे तुकडे ब्रशला लागतात आणि मग रेघेत कण दिसतात. साय आलेल्या रंगात पाणी घालून ढवळू नका, ते तुकडे विरघळत नाहीत, वर सांगितलंच, टाकून द्या आणि वाटाण्याएवढा नवीन घ्या.

पातळ किती करायचा हे मोजून सांगता येत नाही, कारण प्रत्येक ट्यूब वेगळी. मी स्वयंपाकघरातली मापं वापरते. बारीक रेघा, वेली, डोळे, मिशा, यासाठी रंग दुधासारखा, म्हणजे ब्रश उचलला की पटकन ओघळेल पण मागे पांढरा थर सोडेल, पाण्यासारखा आरपार दिसणारा नको. आकार भरायचा असेल तर घावनाच्या पिठासारखा, जो तव्यावर आपला आपण पसरतो आणि चमच्याची खूण राहत नाही. आणि चपट्या ब्रशने दोन रंगांच्या पाकळ्या काढायच्या असतील तर जवळजवळ श्रीखंडासारखा, पाणी नावापुरतं. पाणी ट्यूबमधून काढलेल्या रंगाच्या बाजूला थेंबाने ठेवा आणि ब्रशने थोडं थोडं ओढून घ्या, रंगाच्या डोक्यावर ओतू नका.

आणि आता ती मानेची गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

ब्रश धुतला की तुम्ही काय करता? टोक टिश्यूवर टेकवता, टोक कोरडं दिसतं, रंगात बुडवता. पहिली रेघ सुरेख येते. दुसरी पण बरी येते. तिसऱ्या रेघेला अचानक टोकाशी पाण्याचा थेंब उतरतो आणि सगळा रंग पसरून डबकं. तुम्हाला वाटतं हात चुकला. हात नाही हो चुकला, केस जिथे त्या पत्र्याच्या टोपीत शिरतात ना, त्या मानेत पाणी लपून बसलेलं असतं आणि ब्रश खाली धरला की सावकाश उतरतं. छत्री दारात उभी करून ठेवली की पाच मिनिटांनी फरशीवर ओहोळ येतो तसं. म्हणून ब्रश धुतल्यावर टिश्यूची घडी घ्यायची, मान चिमटीत धरायची, क्षणभर दाबायची, आणि मग टोकाकडे ओढत आणायचं. एवढंच. दरवेळी. मी भाचीला हे शिकवलं तर ती म्हणाली, "मावशी, एवढ्याने काय फरक पडणार?" आणि संध्याकाळी दिघ्याला घरी जाऊन पाच नखांचा फोटो पाठवला, एकही डबकं नाही, खाली फक्त हात जोडलेले इमोजी.

रंग घेताना सुद्धा मानेपर्यंत बुडवायचं नाही. लायनर रंगात आडवा ठेवा, बोटांत गोल फिरवत स्वतःकडे ओढा, केस दोन तृतीयांश भरतात आणि टोक आपोआप सुईसारखं होतं. पोटाला गोळा लागलेला दिसला तर डब्याच्या कडेवर हलकेच निपटून टाका.

रेघ काढताना दोन्ही कोपरं टेबलावर, करंगळी क्लायंटच्या बोटाच्या बाजूला किंवा टेबलावर टेकलेली, अधांतरी हाताने कोणालाच सरळ रेघ येत नाही, मलाही नाही. ब्रश ढकलायचा नाही, ओढायचा, स्वतःकडे. आणि वळण आलं की आपला हात वाकडा करण्यापेक्षा समोरच्याचं बोट फिरवा, ते फिरतं, त्याला काही होत नाही. डोळा टोकावर ठेवू नका, जिथे पोचायचंय तिथे ठेवा, स्कूटी शिकताना सांगतात ना पुढच्या चाकाकडे बघू नको म्हणून, तेच. आणि फार हळू काढू नका! हळू काढलेली रेघ जास्त थरथरते, मध्यम वेगात एका श्वासात सोडून द्या, रांगोळी सोडता तशी.

पान किंवा पाकळी म्हणजे दाबा आणि उचला. टेकवताना दाबलं की केस पसरतात, पानाचं पोट तयार होतं, ओढत ओढत उचललं की शेपटी बारीक होते. कोयरी, पैठणीच्या काठातल्या आसावलीची पानं, मोराच्या पिसाचे तुरे, सगळं याच एका हालचालीतून निघतं, त्यामुळे आठवडाभर फक्त ही एकच गोष्ट काढली तरी वाया जात नाही. पण सराव वहीत करू नका. कागद पाणी पितो. वहीत पाणचट रंगाची रेघ पण छान दिसते कारण कागद जास्तीचं पाणी शोषून तुमची चूक झाकतो, आणि तीच चूक नखावर उघडी पडते, मग वाटतं वहीत येत होतं आणि नखावर येत नाही म्हणजे हातच वाईट. जुन्या डब्याचं झाकण, सीडीचं कव्हर, साडीच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिक, यावर नेलपेंटचा हात मारून त्यावर सराव करा, झाला की वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसा, परत काढा.

आकार भरण्याचं वेगळं शास्त्र आहे. एका जाड थरात भरायचा मोह होतो, त्यात पट्टे पण राहतात आणि वाळल्यावर कडेने उंचवटा येतो जो टॉप कोटमधून सुद्धा जाणवतो. दोन पातळ थर द्या, पहिला केविलवाणा दिसतो, दिसू द्या, त्याच्याकडे बघत बसू नका. आणि रंग अर्धवट वाळतो तो जो चिकट टप्पा असतो ना, एकदीड मिनिटाचा, तेव्हा परत ब्रश फिरवला की तयार होत असलेला पापुद्रा फाटतो, गुठळ्या येतात, खालचा बेस दिसायला लागतो आणि जितकं सारवाल तितकं बिघडतं. एकतर ओलं असताना पटकन नीट करा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. मधल्या वेळात हात मांडीखाली घेऊन बसा हवं तर.

पिवळा आणि लाल बऱ्याचदा आरपार दिसतात. गडद बेसवर झेंडूचं फूल काढायचं असेल तर आधी तोच आकार पांढऱ्याने काढा, वाळू द्या, वर पिवळा द्या, असा उठून येतो. सोनेरीत चमकीचे चपटे कण असतात, ते तळाला बसतात म्हणून ढवळून घ्या आणि त्याच्याखाली मातकट पिवळ्याचा थर द्या, नाहीतर तीन हात मारूनही पितळ घासलेल्या भांड्यासारखं विरळ दिसतं.

चपट्या ब्रशची मजा वेगळी. एका कोपऱ्याला गुलाबी, दुसऱ्याला पांढरा, मग बटर पेपरवर एकाच जागी पुढेमागे आठदहा वेळा फिरवायचा, मधे दोन्ही रंग एकमेकांत मिसळून एक नाजूक पट्टा तयार होतो. हे फिरवणं लोक टाळतात आणि मग म्हणतात मधे कडक रेघ दिसते. मी यातून आमचे फ्लेमिंगो काढते. हिवाळ्यापासून मेपर्यंत खाडीत गुलाबी थवे उतरलेले असतात, ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य केलं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव आलं, तेव्हापासून नवी मुंबईत भिंतीवर, पुलाखाली, चौकात जिथे तिथे फ्लेमिंगो, तर नखांनी काय घोडं मारलंय. चपट्या ब्रशने एक रुंद पाकळी आडवी, ते अंग. लायनरने एका दमात मान, उलट्या प्रश्नचिन्हासारखी, इथे रंग दुधासारखाच हवा नाहीतर मान मधेच मोडते. पाय दोन सरळ रेघा, चोच खाली वळलेली आणि तिचं फक्त टोक काळं. पायाच्या रेघा मी नेहमी सगळ्यात शेवटी, नखाच्या टोकाकडे ओढून काढते.

आणि ज्यांना अजूनही हाताची भीती वाटतेय त्यांनी वारली काढावी. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधी डहाणू, जव्हार, तलासरी सगळं ठाणे जिल्ह्यातच, त्यामुळे आमच्या शाळेच्या भिंतीपासून स्टेशनपर्यंत वारली बघतच मोठे झालो. गेरूसारख्या विटकरी नेलपेंटवर पांढरा रंग. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, ते धड, टाचणीच्या डोक्याचा ठिपका म्हणजे डोकं, चार रेघा हातपाय. मूळ चित्रं तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने काढतात, तिथे रेघ कमीजास्त होते आणि तीच छान दिसते. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं मोठी करून बघा, रेघा नुसत्या टिकल्यांसारख्या तुटक तुटक आहेत आणि तरी सगळं हलतंय असं वाटतं. अनामिकेवर तारपा नाच, म्हणजे तारपा वाद्यावरचा वारल्यांचा गोलातला नाच, काढायचा असेल तर आधी पेन्सिलने नाही, टाचणीच्या डोक्याने डोक्यांचे ठिपके गोलाकार टाकून घ्या आणि मग प्रत्येक ठिपक्याला धड लावा, जागा पुरते. मी आधी धडं काढायचे आणि शेवटच्या तिघांना डोकंच उरायचं नाही.

चुकलं तर घाबरायचं नाही. ओलं असेल तर दुसरा स्वच्छ ओलसर ब्रश, मान पुसलेला बरं का, त्याने चूक उचलून घ्या. वाळलं असेल आणि खाली साधं नेलपेंट असेल तर टूथपिकचं टोक पाण्यात भिजवून हळूहळू खरवडा, बारीक रेघ पापुद्र्यासारखी निघते. जेलवर असेल तर ब्रशवर थोडं अल्कोहोल घेऊन पुसता येतं.

टॉप कोटवर मी सगळ्यात जास्त रडलेय. एकदा जुलैत हळदीच्या आदल्या दिवशी एका नवरीच्या दहा नखांवर आसावलीची वेल काढली, साडेतीन तास, आणि घाईत टॉप कोट लावला तर सगळी हिरवी पानं ब्रशबरोबर ओढली जाऊन नखाच्या टोकापर्यंत हिरवा धूर झाला. रात्री अकराला परत पहिल्यापासून. झालं काय होतं, पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की कपडे दोन दिवस वाळत नाहीत, मग रंगातलं पाणी तरी कुठे जाणार, वरून वाळलेला वाटत होता आणि आतून ओला होता. तेव्हापासून पावसाळ्यात बारीक रेघांना सुद्धा पंधरा मिनिटं आणि भरलेल्या आकाराला अर्धा तास देते, एसी असेल तर लावते, हेअर ड्रायर फक्त थंड हवेवर आणि लांबून. बोट लावून बघू नका, नखाच्या कडेने तिरपं बघा, ओला रंग चमकतो, वाळलेला विझतो.

लावताना टॉप कोटचा ब्रश निपटायचा नाही, टपोरा थेंब घ्यायचा आणि तो थेंब नखावर ढकलत न्यायचा, ब्रशचे केस रंगाला टेकताच कामा नयेत, मधे थेंबाची गादी राहिली पाहिजे. एका जागेवरून दोनदा जायचं नाही, टॉप कोटमधला सॉल्व्हंट रंगाला सैल करतो आणि दुसऱ्या फेरीत तो ओढला जातो. नखाचं टोक समोरून बंद करा, तिथूनच पाणी शिरतं. गडद लाल किंवा काळा असेल तर पांढऱ्या भागाकडून गडद भागाकडे जा म्हणजे ओढलंच तर कमी दिसेल. आणि जेलवर काम असेल तर एक गोष्ट जास्त सांभाळा, ॲक्रिलिक रंगाने अख्खं नख मढवू नका, क्युटिकलजवळ, म्हणजे नखाच्या मुळाशी कातडी असते तिथे, आणि टोकाला थोडी जागा मोकळी सोडा, कारण जेलचा टॉप कोट रंगापेक्षा खालच्या जेलला जास्त घट्ट धरतो, सगळीकडे रंगच असेल तर आठवड्यात टॉप कोट सालीसारखा उचलून येतो.

काम झालं की ब्रश लगेच धुवायचा, फोन नंतर घ्यायचा. अंघोळीच्या साबणाच्या वडीवर ब्रश हलकेच फिरवा, फेस तळहातावर घ्या, रंग येणं थांबेपर्यंत, मग मान पुसा, बोटाने टोक करा आणि आडवा वाळवा. पाण्याच्या पेल्यात डोकं खाली करून उभा ठेवला तर टोक वाकडं होतं, आणि केस वर करून उभा वाळवला तर पाणी टोपीत उतरून केस गळायला लागतात. टोक वाकलंच असेल तर गरम पाण्यात काही सेकंद बुडवून बोटाने सरळ करा, सिंथेटिक केस बऱ्याचदा मान्य करतात. रंग वाळून दगड झाला असेल तर अल्कोहोलमध्ये थोडा वेळ टोक भिजवा, निम्मा ब्रश परत मिळतो, पहिल्यासारखा होत नाही, तो ठिपक्यांना ठेवायचा.

नक्षी काढून टाकायची वेळ येईल तेव्हा कापूस रिमूव्हरमध्ये चिंब भिजवून नखावर मिनिटभर नुसता दाबून धरा, लगेच घासू नका, घासलं की रंगाचे रबरासारखे धागे होऊन क्युटिकलमध्ये जाऊन बसतात आणि मग टूथपिकने काढत बसावं लागतं. दाबून धरलं की खालचं नेलपेंट सुटतं आणि अख्खी वेल त्याच्याबरोबर कापसावर उतरते. नंतर हात धुऊन खोबरेल तेल चोळा, नवीन बेस लावायचा असेल तर मात्र तेल नको, आधी साबणाने धुऊन चांगलं कोरडं करा.